कीपासडीएक्स : आठ महिन्यांनी, फोन दुरुस्त करून आणल्यावर

मागच्या शनिवारी स्क्रीन बदलून फोन हातात आला आणि कीपासडीएक्स (सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये ठेवणारं ॲप) माझं बोट ओळखेना. फोन त्याच बोटाने उघडत होता, ॲप मात्र मास्टर पासवर्डच, म्हणजे ती फाइल उघडायचा सहा शब्दांचा मुख्य पासवर्डच, मागत होतं. मी डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीची खजिनदार. पंपाचं वीजबिल भरायचा शेवटचा दिवस, आणि नेटबँकिंगचा पासवर्ड त्या फाइलमध्ये अडकलेला. आठ महिने नुसतं बोट टेकवून काम चाललेलं, त्यामुळे सहा शब्दांतला चौथा शब्द काही केल्या आठवेना. शेवटी रेशनकार्डाच्या पिशवीतला कागद काढला तेव्हा बिल भरलं गेलं.

त्या दुपारी कोणी विचारलं असतं तर 'घेऊ नका' असंच सांगितलं असतं.

रात्री ठसा पुन्हा जोडायला फोनच्या सेटिंगमध्ये गेले. तिथे 'फिंगरप्रिंट १' आणि त्याखाली 'फिंगरप्रिंट २'. मी एकच बोट नोंदवलं होतं! सर्व्हिस सेंटरवाल्याने 'टेस्टिंगला लागतो' म्हणून पिन फॉर्मवर लिहून घेतला होता. कोणीतरी स्वतःचं बोट नोंदवून सेन्सर तपासला आणि ते तसंच ठेवलं. म्हणजे एका अनोळखी माणसाच्या बोटाने माझा फोन उघडत होता, आणि एवढं होऊन मला कोणी शब्दाने सांगितलं नाही. याचा संताप अजून गेलेला नाही.

ॲप अडलं ते याचमुळे. बोटाने उघडायची सोय चालू केली की मास्टर पासवर्ड कुलूपबंद करून ठेवला जातो, आणि त्या कुलपाची किल्ली अँड्रॉइडच्या कीस्टोअरमध्ये (अशा किल्ल्या जपून ठेवायच्या फोनमधल्या सुरक्षित जागेत) असते. फोनमध्ये नवा ठसा नोंदला की ती किल्ली कायमची बाद. पिन हातात असूनही त्या माणसाला सोसायटीच्या खात्याचा पासवर्ड मिळाला नसता. दुपारचं मत मी मागे घेतलं.

बाकीचं थोडक्यात. सुरुवातीला फाइल उघडायला आठ-नऊ सेकंद लागायची, मी ॲपला दोष द्यायचे. फाइल भाच्याने त्याच्या लॅपटॉपवर कीपासएक्ससी या तशाच संगणकावरच्या ॲपमध्ये करून दिली होती आणि 'भक्कम असू दे' म्हणून आर्गॉन२ ची (पासवर्ड अंदाजाने शोधणं मुद्दाम अवघड करणाऱ्या पद्धतीची) मेमरी १ जीबी ठेवली होती. माझ्या ४ जीबीच्या फोनला ते झेपेना. ६४ एमबी केल्यावर पटकन उघडते. ॲपसोबत येणारा मॅजिकीबोर्ड हा कीबोर्ड मात्र पहिल्या दिवसापासून आवडला : जिथे पेस्ट चालत नाही तिथे कीबोर्ड बदलायचा, एक बटण दाबायचं, पासवर्ड आपोआप टाइप होतो. ॲपला इंटरनेटची परवानगीच नाही, त्यामुळे फाइलची प्रत मी दर महिन्याला केबल लावून पेनड्राइव्हवर घेते. वर्गणी शून्य. सोसायटीच्या पैशातून दरवर्षी असल्या ॲपचे पैसे मागायला मला जमलं नसतं.

दुसरा ठसा पुसला, पिन बदलला, बँकेचा पासवर्डही बदलला. आता दर सोमवारी बोट लावत नाही, सहाच्या सहा शब्द हाताने टाइप करते. फोन पुन्हा दुरुस्तीला द्यावा लागला तर आधी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन फोन पूर्ण पुसून देणार, पिन कितीही मागू देत.