२० वर्षांची गाडी, १०डब्ल्यू-४० ऑइल आणि एक वही: ११ महिन्यांनंतर

गाडी २००५ची, पेट्रोल, १.४ लिटर, हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे, ऑइलच्या दाबावर चालणारे भाग). मीटरवर आज १,७१,६०० किलोमीटर. गेले ११ महिने आणि ७,४०० किलोमीटर तिच्यात १०डब्ल्यू-४० सेमी-सिंथेटिक आहे. त्याआधी २०डब्ल्यू-५० मिनरल होतं आणि त्याच्याही आधी ५डब्ल्यू-३०. ऑइलच्या कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. डब्याच्या मागे बारीक अक्षरात जे छापलेलं असतं ते जुळलं, तर पुढे कोणाचं चित्र आहे यानं माझ्या गाडीला काही फरक पडलेला दिसला नाही.

सुरुवात झाली ती एका वळणावर. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. माझा समज असा होता की हा दिवा ऑइल कमी झालं की लागतो. तो लागतो प्रेशर जवळजवळ संपल्यावर. वळणावर सम्पमधलं (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतलं) उरलंसुरलं ऑइल एका बाजूला गेलं आणि पंपाच्या तोंडाशी हवा आली, म्हणून तो लागला. गाडी कडेला घेऊन ऑइलची लेव्हल बघायची काटी काढली तर फक्त टोक ओलं. साडेतीन लिटर ऑइल मावणाऱ्या इंजिनात दीड लिटर घातल्यावर लेव्हल वरच्या खुणेला आली. शेवटच्या सर्व्हिसला पाच महिने झाले होते आणि मधल्या काळात मी बॉनेट उघडलं होतं ते फक्त काच पुसायचं पाणी भरायला.

तेव्हा आत ५डब्ल्यू-३० होतं. मेकॅनिकनं धूर बघितला, मान हलवली आणि म्हणाला, "रिंगा गेल्यात साहेब. जाड ऑइल टाका, चालेल अजून दोन वर्षं." रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची कडी; ती झिजली की ऑइल वर चढून जळतं. जुन्या गाडीला जाड ऑइल हा सल्ला इतका रुळलेला आहे की तो द्यायला गाडी बघावीही लागत नाही. मी २०डब्ल्यू-५० टाकलं.

त्यात अर्धं तथ्य आहे. आकड्यातला दुसरा भाग, म्हणजे ३०, ४० किंवा ५०, हा इंजिन गरम असताना ऑइल किती घट्ट राहतं ते सांगतो. १०० अंश सेल्सिअसला एसएई (हे ग्रेड ठरवणारी संस्था) ४० ऑइल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या (घट्टपणाचं एकक) दरम्यान असतं, तर ५० ग्रेड १६.३ पासून २१.९ पर्यंत. झिजलेल्या जागांतून घट्ट ऑइल हळू निसटतं, हे खरंच. पण डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनाचा. डब्ल्यू म्हणजे विंटर, वजनाशी त्याचा काही संबंध नाही. १०डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे २५ अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ला. माझ्या भागात पारा कधी शून्यालाही टेकत नाही, म्हणून मी म्हटलं हा आकडा आपल्या कामाचा नाही. तिथेच चुकलो. रात्रभर उभ्या गाडीचं ऑइल शून्याखाली नसलं तरी गरम इंजिनाच्या मानानं ते काकवीसारखंच असतं, आणि २०डब्ल्यू-५० त्यात जरा जास्तच.

कानाला ते लगेच कळलं. सकाळी सेल्फ मारला की टॅपेटची टकटक चार-पाच सेकंद चालायची. आधी एक-दोन सेकंदांत थांबायची. पिकअपही किंचित जड वाटायचा, पण तो मनाचा खेळ असू शकतो, म्हणून त्यावर जोर देत नाही. टकटक मात्र मी फोनवर रेकॉर्ड करून मोजली आहे.

याच सुमारास वही सुरू केली. २०डब्ल्यू-५०चे शेवटचे २,००० किलोमीटर नीट मोजले: ७६० मिली वर घालावं लागलं. म्हणजे हजाराला ३८०.

आता काटी बघण्याबद्दल, कारण सगळा हिशेब तिच्यावरच उभा आहे आणि ती वाचण्यात मी आधी सपशेल आपटलो होतो. वहीच्या पहिल्याच आठवड्यात चढावर लावलेल्या गाडीची काटी बघितली, तीही आल्या आल्या. लेव्हल खालच्या खुणेच्याही खाली दिसली. घाबरून अर्धा लिटर ओतलं. दुसऱ्या दिवशी सपाट जागेवर बघतो तर वरच्या खुणेच्या बोटभर वर. एक तर चढामुळे ऑइल सम्पच्या मागच्या भागाला गेलं होतं आणि माझी काटी पुढच्या बाजूला आहे. दुसरं म्हणजे इंजिन नुकतंच बंद केलेलं, हेडमधलं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातलं, ऑइल अजून खाली उतरलंच नव्हतं. असं जास्त भरलेलं ऑइल निरुपद्रवी नसतं. क्रँकशाफ्ट त्यात बुडून फिरायला लागला की फेस होतो, आणि फेस नीट वंगण करत नाही. काटीच्याच नळीतून बारीक ट्यूब घालून मोठ्या सिरिंजनं ओढून काढलं. तासभर गेला, हात कोपरापर्यंत काळे.

तेव्हापासून ठरलेली जागा, ठरलेली वेळ. सकाळी, सेल्फ मारायच्या आधी, पार्किंगच्या त्याच फरशीवर. काटी काढायची, पुसायची, पूर्ण आत घालायची, मग काढून वाचायची. पुसायला जुना सुती कपडा घ्या, टिश्यूचे धागे काटीला चिकटतात. काटीच्या दोन बाजूंना लेव्हल वेगवेगळी दिसली तर कमी दिसते ती खरी. नळीच्या भिंतीला लागलेलं ऑइल दुसऱ्या बाजूला फसवतं.

आणि ऑइल बदलताना एक काम केलं, ते कोणीही करावं असं आहे. जुनं ऑइल काढलं, नवा फिल्टर लावला, अडीच लिटर घातलं, इंजिन मिनिटभर चालवून बंद केलं म्हणजे फिल्टर भरून झाला. दहा मिनिटं थांबलो. मग मापाच्या भांड्यानं १००-१०० मिली घालत प्रत्येक वेळी काटी बघितली, लेव्हल खालच्या खुणेला टेकली की तिथून मोजणी सुरू. माझ्या गाडीत खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत ९०० मिली लागतात आणि हे अंतर १८ मिलिमीटर आहे. म्हणजे एक मिलिमीटर खाली गेलं की ५० मिली गेलं. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा येईल, पण एकदा काढला की "थोडं कमी झालंय" हे वाक्य कायमचं सुटतं.

१०डब्ल्यू-४०वर आलो ते मॅन्युअल उघडल्यामुळे. ग्लव्ह बॉक्समध्ये ते २० वर्षं तसंच होतं. त्यात बाहेरच्या तापमानाप्रमाणे पट्ट्यांचा तक्ता आहे आणि १०डब्ल्यू-४०ची पट्टी माझ्याकडच्या सगळ्या ऋतूंना पुरून उरते. सोबत लिहिलेलं: एपीआय एसएल किंवा वरचं, एसीईए ए३. दोन्ही ऑइलच्या दर्जाचे शिक्के, पहिला अमेरिकेतला, दुसरा युरोपातला. एपीआयची अक्षरं पेट्रोलसाठी क्रमानं पुढे जातात. एसएल २००१चं, एसएम २००४चं, एसएन २०१०चं, एसपी २०२०चं. नवं अक्षर साधारणपणे जुन्याची जागा घेतं, त्यामुळे एसएल लिहिलं असेल तर एसएन किंवा एसपी चालतं. मी घेतलेल्या डब्यावर एसएन आणि ए३/बी४ आहे. ए३मुळे मला जास्त बरं वाटलं, कारण त्यात गरम आणि दाबाखालच्या ऑइलची घट्टता (१५० अंशांना मोजतात ती) किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद असावी लागते. सगळी ५डब्ल्यू-३० ऑइलं तिथवर पोचत नाहीत; त्या ग्रेडला २.९ पुरते. माझ्या गाडीत आधी असलेल्या ५डब्ल्यू-३०च्या डब्यावर ए३ नव्हतं.

एसएमपासून ३० आणि त्याहून पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचावा म्हणून. हा फॉस्फरस झीज रोखणाऱ्या झिंकच्या संयुगातून येतो. खरंच जुन्या, चपट्या टॅपेटच्या आणि कडक स्प्रिंगच्या इंजिनांना तो कमी पडू शकतो, म्हणून ती मंडळी ४० किंवा ५० ग्रेडकडे वळतात, जिथे ही मर्यादा तशी लागत नाही. माझ्या गाडीला तो प्रश्न नव्हता, पण ७०-८०च्या दशकातली गाडी असेल तर डबा घेण्याआधी हे बघा.

तर १,६४,२०० किलोमीटरला १०डब्ल्यू-४० घातलं. पहिल्या आठवड्यात टकटक दोन सेकंदांवर आली. छान वाटलं. पहिल्या हजार किलोमीटरला खप मात्र ४५० मिली! ३८०वरून ४५०. मेकॅनिक बरोबर होता असं म्हणायची वेळ आली.

इथे मी डबा बदलणार होतो. नशीब, त्याआधी एक गोष्ट दिसली. गाडी आयडलवर असताना ऑइल भरायचं झाकण काढायला गेलो तर ते सहज निघेना. आतून ओढ होती, आणि निघालं तेव्हा इंजिन अडखळलं. थोडी ओढ असतेच, एवढी नसावी. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढला. क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या भागातली) वाफ इनटेककडे, म्हणजे इंजिनात हवा शिरते तिकडे, नेणारा हा अंगठ्याएवढा प्लास्टिकचा तुकडा. हलवला की आतला खडा वाजायला हवा. माझा मुका होता, काजळी आणि चिकट ऑइलनं उघडाच अडकलेला. म्हणजे इंजिन स्वतःचंच ऑइल वाफेबरोबर इनटेकमध्ये ओढून जाळत होतं. थ्रॉटलकडे जाणारा होस आतून ओला होता, बोट घातलं तर काळं आलं. ऑइलच्या एका डब्याहून कितीतरी स्वस्त पार्ट, बदलायला दहा मिनिटं.

पुढच्या ६,४०० किलोमीटरला वर घातलेलं एकूण ऑइल १,१५० मिली. हजाराला १८०.

जाड ऑइलनं हजाराला ७० मिली वाचवलं होतं, व्हॉल्व्हनं २७०. आणि "रिंगा गेल्यात" हे निदान? कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर किती दाब धरतो ती चाचणी) केली, चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आणि मॅन्युअलच्या मर्यादेत. नव्या व्हॉल्व्हबरोबर २०डब्ल्यू-५० घातलं असतं तर खप कदाचित १८०च्याही खाली गेला असता, ते मी नाकारत नाही. पण काही मिलीसाठी सकाळची ती टकटक मला परत नको. शिवाय काही कंपन्या मॅन्युअलमध्येच हजार किलोमीटरला अर्धा लिटर, काही तर एक लिटरपर्यंत खप चालेल असं लिहून मोकळ्या होतात. त्या मानानं १८० म्हणजे राजाच.

ऑइलबद्दल बाकी. ८०० किलोमीटरमध्ये ते काळं झालं आणि घरच्यांनी सुनावलं. काळं होणं म्हणजे संपणं नव्हे. आधीची घाण धरून ठेवणं हे त्याच्यातल्या डिटर्जंटचं कामच आहे. ३,००० किलोमीटरला फिल्टर लवकर बदलला, त्याच घाणीच्या धास्तीनं. जुना कापून घड्या उलगडल्या, चुंबक फिरवलं: काळा गाळ होता, धातूचा चुरा नाही. इंजिन फ्लश नावाची बाटली मात्र टाकली नाही. २० वर्षांचा गाळ एकदम सुटून पंपाच्या जाळीत अडकावा, हा जुगार मला नको होता.

सिंथेटिक घातलं की जुनी गाडी गळते, असंही पुष्कळ ऐकलं. माझी गळायला लागली, पण व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून, चौथ्या महिन्यात. गॅस्केट काढलं तर ते बिस्किटासारखं तुटलं. ऑइलचा दोष म्हणायचा तर त्यानं कोपऱ्यात साचलेली घाण धुऊन फट उघडी केली एवढाच. गरम एक्झॉस्टवर थेंब पडून जळका वास यायचा, म्हणून कळलं. ड्रेन नटचं वॉशर दर वेळी नवं घालतो. जुनंच फिरवून बसवलं तेव्हा खाली रोज एक ठिपका सापडायचा.

१०,००० किलोमीटरपर्यंत ओढता आलं असतं, पण माझी गाडी बहुतेक चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारते. इंजिन पुरतं तापत नाही, आतलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. हिवाळ्यात झाकणाखाली दुधी साय दिसली तेव्हा पोटात गोळा आला. आधी कूलंटची लेव्हल बघितली, ती जागच्या जागी. मग गाडी तासभर मोकळ्या रस्त्यावर पळवली, साय गेली. काटीवरचं ऑइलच दुधी असतं किंवा कूलंट कमी होत असतं, तर तशी पळवली नसती, थेट हेड गॅस्केट तपासायला नेली असती. म्हणून किलोमीटर भरो न भरो, वर्षाला बदलायचं ठरवलंय.

एक गोष्ट अजून तशीच आहे. रात्रभर उभ्या गाडीला सेल्फ मारला की सायलेन्सरमधून निळा धुराचा एक झोत येतो, दोन सेकंद, मग साफ. हे इंजिनाच्या व्हॉल्व्हवरची रबरी सील झिजल्याचं लक्षण. रात्रीतून ऑइल थेंब-थेंब खाली झिरपतं. १८० मिलीतलं बरंचसं तिथूनच जात असावं. हेड न उतरवता सील बदलता येतात असं दुसऱ्या गॅरेजनं सांगितलंय, सिलिंडरमध्ये हवा भरून व्हॉल्व्ह धरून ठेवतात. पुढच्या महिन्यात ऑइल बदलायचंच आहे, तेव्हा ते काम आधी आणि त्यानंतर पुन्हा हेच १०डब्ल्यू-४०. वहीत नवं पान आखून ठेवलंय. आज सकाळी काटी वरच्या खुणेच्या चार मिलिमीटर खाली होती.