रॉड मोडला: पुढचा कार्बनचा घ्यावा की फायबरग्लासचा?

मासे गरवायचा रॉड मोडला की दुकानदाराचा सल्ला ठरलेला असतो: या वेळी जरा महागातला घ्या. महागातला म्हणजे कार्बनचा, आणि त्यातही जास्त 'टना'चा. पण आधीचा रॉड मासा ओढताना मोडला की घरातल्या पंख्यात जाऊन, हे कळल्याशिवाय या सल्ल्याला काही अर्थ नाही. म्हणून तुकडे टाकून देऊ नका. कुठे तुटलाय आणि कसा तुटलाय, ते उजेडात नीट बघा.

दोन्ही जातींतला फरक आधी समजून घेऊ. काचेचा तंतू तुटण्याआधी आपल्या लांबीच्या साधारण साडेचार टक्के ताणला जातो. नेहमीच्या वापरातला कार्बनचा तंतू दोन टक्केही गाठत नाही. उलट ताठपणात कार्बन काचेच्या जवळपास तिप्पट आणि वजनाला बराच हलका, म्हणून त्याची नळी पातळ भिंतीची करता येते. रॉडवर छापलेला 24, 30 किंवा 40 टन हा आकडा या ताठपणाचा आहे. '40 टन म्हणजे मोडायचं नावच नको' असं समजून लोक पैसे मोजतात आणि पदरात पडतो जास्त हलका, जास्त चपळ, पण जास्त नाजूक रॉड.

आता तुकड्यांकडे वळू. कोकणात खडकावरून गरवणाऱ्यांचे रॉड बहुतेक वेळा एकाच पद्धतीने मोडतात. मासा पायाशी आलेला असतो, खाली लाटा आपटत असतात, आणि गडी रॉड खांद्याच्या मागे नेऊन मासा तसाच वर उचलायला जातो. रॉड समोर तिरका असेपर्यंत ओढ बुडापर्यंत वाटली जाते. तो उभा होऊन मागे कलला की सगळा बाक टोकाकडच्या तिसऱ्या हिश्शात गोळा होतो, म्हणजे नळी सर्वांत बारीक असते तिथेच. कार्बन असेल तर बहुधा लांब उभ्या चिरा पडतात, काळ्या कुसळांसारखे तंतू बाहेर येतात, कधी दोन-तीन तुकडे होतात. ग्लासचा रॉड अशा वेळी पुष्कळदा निभावून नेतो. नाहीच निभावलं तर मोडतो ओल्या बांबूसारखा: पांढरट पट्टा उमटतो, पिचतो, पण तंतू एकमेकांना धरून लोंबत राहतात. तुमच्या रॉडची ही गत झाली असेल आणि मासा उचलायची सवय सुटणार नसेल, तर ग्लासच घ्या. कार्बनचाच हट्ट असेल, तर सोबत लांब दांड्याचं जाळं घ्या.

दुसरी तऱ्हा जास्त फसवी. 'काही लागलं नव्हतं हो, नुसता फेकला आणि खाडकन तुटला!' अशी तक्रार जवळजवळ नेहमी कार्बनवाल्याची असते. मार आधीच बसलेला असतो. फेकताना दोरीला वजन म्हणून बांधलेलं शिसं नळीवर आपटलेलं असतं, रॉड खडकावर आडवा पडलेला असतो, नाहीतर बाईकला बांधून नेताना स्टँडवर घासलेला असतो. वरचा थर शाबूत दिसतो, आतले तंतू दुखावलेले असतात. मग एखाद्या साध्या फेकीत नळी त्याच जागी, बहुधा आडवी, तुटते. तुटल्या जागेशेजारी व्हार्निशचा टवका उडालाय का किंवा बारीक खड्डा आहे का, ते पाहा. उरलेल्या भागावरून कापसाचा बोळा फिरवा. चीर पृष्ठभागापर्यंत आली असेल तर कापूस अडकतो. हा मार ग्लास सहज पचवतो. खडकावर रॉड टाकून चहा प्यायला जाणाऱ्यांनी कार्बनच्या वाटेला न गेलेलं बरं.

पंखा, गाडीचं दार, लोकलच्या रॅकवर वरून पडलेली बॅग, यांच्यापुढे मात्र दोन्ही सारखेच. टोक चेपलेलं, चपटं झालेलं दिसलं की समजायचं. इथे जात बदलून उपयोग नाही. दोन तुकड्यांचा रॉड आणि कडक नळकांडं घ्या.

सांध्यात तुटला असेल तर दोष बहुधा सैल सांध्याचा. फेकता फेकता तो ढिला होतो आणि बाहेरच्या नळीला उभी चीर जाते. अधूनमधून दाबून बघायचं, एवढंच. घडीचा टेलिस्कोपिक रॉड एसटीने जाणाऱ्याला सोयीचा, पण त्याला सांधेच सांधे. वाळू आणि मीठ अडकलं की लोक पकडीने पिळतात आणि नळी फुटते. गोड्या पाण्यावर ठीक, समुद्राला मला तो पटत नाही.

दोरी बदलली असेल तर तेही आठवा. नायलॉनचा तंगूस, म्हणजे एकेरी दोरी, ताण खातो. ब्रेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली दोरी, जवळजवळ ताणली जात नाही, सगळा झटका रॉडवर येतो. मुठीच्या वर रॉडची दोरीची मर्यादा छापलेली असते. ती आणि दोरीची ताकद यांतला लहान आकडा धरून ड्रॅग (दोरी किती ओढीला सुटायला लागेल ते ठरवणारा रीळचा ब्रेक) त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर ठेवा. गरी खडकात अडकली तर रॉड वाकवून झटके देऊ नका. तो दोरीच्या रेषेत धरा आणि हाताला फडकं गुंडाळून दोरी ओढा.

बनावटीतला दोष असतोच, पण तो सहसा पहिल्या काही वापरांत, बेताच्या ओढीला उघडा पडतो. तसं वाटलं तर बिल आणि सगळे तुकडे जपून ठेवा. तुटल्या कडा घासू नका.

नवा घ्यायचाच का? टोकाचा चार बोटं लांबीचा तुकडाच गेला असेल तर दोरी जिच्यातून जाते ती मापाची नवी कडी टोकाला गरम गोंदाने बसवा, काम भागतं. ग्लास मधून मोडला तर बाहेरून बाही चढवून, दोरा गुंडाळून, एपॉक्सी लावून पुन्हा उभा राहतो, फक्त जड होतो. कार्बनलाही आतून दांडी घालता येते, पण तिथे ताठ गाठ राहते आणि बाकाची मजा जाते. उभ्या चिरा लांबवर गेल्या असतील तर नाद सोडा. कार्बन घासताना तोंडाला मास्क लावा आणि ओलं घासा.

माझं मत विचाराल तर जेट्टीवर आमिष टाकून शेंगाळ्याची वाट बघणाऱ्याला, मुलांना आणि खडकावर वावरणाऱ्याला ग्लास. खाडीत दिवसभर ल्युअर, म्हणजे नकली आमिष, फेकत जिताडा नाहीतर तांबोशी शोधणाऱ्याला कार्बनच. जड रॉडने दुपारपर्यंत मनगट बोलू लागतं. त्यालाही 40 टनाची गरज नाही, 24 टन पुरे. दोन्ही तंतू मिसळलेला रॉड मिळाला तर नवख्याने तोच आधी बघावा. आणि कार्बनमधून वीज वाहते: खाडीवरून तारा गेल्या असतील किंवा आभाळ गडगडत असेल तर रॉड उभा धरून थांबू नका. ओल्या ग्लासचाही तिथे भरवसा नाही.