सोनेरी शिक्क्याचा कागद

दुसऱ्या लग्नाची नोटीस द्यायला आम्ही पुण्यातल्या विवाह नोंदणी कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी माझा कागद उलटसुलट करून पाहिला. "मॅडम, ही झेरॉक्स आहे. कोर्टाच्या शिक्क्याची प्रत लागेल, अपोस्टिलसकट." अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याची, परदेशात चालणारी सरकारी मोहोर. माझा घटस्फोट २०१४ साली कॅलिफोर्नियात, सांता क्लारा काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कोर्टात झाला. भारतात परतताना दोन बॅगांत मावलं तेवढं आणलं. त्यात निकालपत्राची झेरॉक्स आली, शिक्क्याची प्रत कुठे राहिली देव जाणे.

घरी कुणाला काही बोलले नाही. दहा वर्षांनी तो विषय पुन्हा जेवणाच्या ताटावर नको होता. आईबाबा झोपल्यावर रात्री साडेअकराला लॅपटॉप उघडला. कुणाला विचारायचं नाही हे ठरवलं, तिथेच मी अर्धी फसले होते.

शोधल्यावर सगळ्यात वर जी साइट आली तिच्या नावात कॅलिफोर्निया, काउंटी आणि रेकॉर्ड्स हे तिन्ही शब्द होते. वर निळी पट्टी, कोपऱ्यात राज्याच्या मुद्रेसारखं काहीतरी गोल. माझी आणि पहिल्या नवऱ्याची नावं, जन्मतारखा, लग्नाचं गाव, माझ्या सोशल सिक्युरिटी नंबरचे (अमेरिकेतल्या सरकारी ओळख क्रमांकाचे) शेवटचे चार आकडे, सगळं भरलं. मग 'न्यायालयीन नोंदी तपासत आहोत' म्हणत एक हिरवी रेघ सरकत राहिली आणि दोन मिनिटांनी जाहीर झालं: नोंद सापडली! नोंद सापडणारच होती, घटस्फोट मीच घेतला होता. पण तेव्हा मला काय हायसं वाटलं म्हणून सांगू.

शोधाचे ३९.९५ डॉलर. 'अपोस्टिल-रेडी प्रमाणपत्रा'चे आणखी १२९. मी मुकाट भरले. कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेला एजंट असता तर मी चार जणांना विचारून, घासाघीस करून पैसे दिले असते. पडद्यावर एजंट दिसतच नाही, सरकारच दिसतं.

आठ दिवसांनी पीडीएफ आली. गुळगुळीत किनार, सोनेरी शिक्का, आमची नावं, काउंटी, साल आणि वर मोठ्या अक्षरांत 'घटस्फोट प्रमाणपत्र'. न्यायाधीशांची सही नाही, केस नंबर नाही. रंगीत छापून घेऊन गेले. बाईंनी चष्मा वर केला. "हे कुठल्या कोर्टाचं?" मला उत्तर देता आलं नाही.

मग कॅलिफोर्नियातच, सनीवेलला राहणाऱ्या मैत्रिणीला फोन केला. तो पहिल्याच दिवशी करायचा होता. तिने कोर्टात चौकशी केली आणि माझी लाजच काढली. कॅलिफोर्नियात घटस्फोटाचे कागद फक्त एका ठिकाणी असतात: ज्या काउंटीच्या सुपिरियर कोर्टात निकाल लागला, तिथल्या क्लार्ककडे. राज्याचा आरोग्य विभाग १९६२ ते जून १९८४ मध्ये दाखल झालेल्या घटस्फोटांची नोंद झाल्याचा दाखला देतो, पण निकालाची प्रत तोही देत नाही. कौटुंबिक प्रकरणांचे कागद बाहेरच्या कुणाला घरबसल्या उघडताही येत नाहीत. ऑनलाइन दिसते ती नुसती नोंद. मला मिळालेलं 'प्रमाणपत्र' असल्याच एखाद्या नोंदीला किनार लावून केलेलं असणार. आणि लबाडी अशी, की साइटच्या तळाशी फिकट करड्या अक्षरांत लिहिलेलं होतं: आम्ही सरकारी संस्था नाही.

खरं काम साधं निघालं. केस नंबर माझ्या झेरॉक्सवरच होता, पहिल्या पानावर उजवीकडे चौकटीत. तो हाताशी नसेल तर क्लार्क नावावरून शोधतो. शोधायला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर त्याचे १५ डॉलर. मैत्रिणीने पत्रात दोघांची नावं, केस नंबर, निकालाचं साल आणि 'जजमेंटची सर्टिफाइड प्रत हवी' एवढंच लिहिलं. सोबत चेक आणि तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. घटस्फोटाच्या निकालावर शिक्का मारायचे १५ डॉलर, शिवाय पानामागे ५० सेंट. माझी ११ पानं, म्हणजे २०.५०. ती प्रत पुढे सॅक्रामेंटोला, सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात. अपोस्टिलचे २० डॉलर. कागद कुठल्या देशात वापरायचा ते सोबत लिहावं लागतं. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात असल्यामुळे वकिलातीचे खेटे वाचले. बाकी परदेशातली डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा निकाल, इथे चालते की नाही हा वेगळा प्रश्न; आमची दोघांच्या संमतीने झालेली होती, वकिलांनी तेवढं विचारून मान डोलावली.

दरम्यान कार्डावर दोन महिने २९.९५ डॉलर जाताना दिसले. पैसे भरताना कुठल्याशा 'सदस्यत्वा'वर माझ्याकडून टिक झाली होती म्हणे. बँकेकडे तक्रार केली. सदस्यत्वाचे पैसे परत आले, पहिले १६८.९५ नाही. 'सेवा मिळाली आहे' असं त्या लोकांनी पुराव्यासकट कळवलं. पुरावा म्हणजे तीच सोनेरी पीडीएफ.

पैशांपेक्षा दुसरं टोचत होतं. पहिल्या नवऱ्याची जन्मतारीख मी कुठल्या भामट्यांना देऊन बसले होते. माझ्या नावावर कुणी कर्ज काढू नये म्हणून माझं क्रेडिट मी अमेरिकेत कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही ब्युरोंकडे, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियनकडे, गोठवून टाकलं. २०१८ पासून ते फुकट होतं. पण त्याला सांगायला नको? दोन दिवस घोळवून शेवटी दहा वर्षांनी पहिला ईमेल लिहिला: असं असं झालं, तुझी माहिती त्यांच्याकडे गेली आहे, तूही गोठवून घे.

संध्याकाळी उत्तर आलं. "केलं. सर्टिफाइड प्रती माझ्याकडे दोन आहेत, विचारायचंस ना."