घंटागाडीचा ठेका की कचरावेचकांची संस्था?

हिरवे रोजगार म्हटलं की नगरपालिकांना आधी सौरपॅनल आठवतात. कचरा वेचणारी माणसं मात्र शहरात आधीपासून हेच काम करतात. प्रश्न एवढाच, की घरोघरचा कचरा ठेकेदाराकडे द्यायचा की वेचकांच्याच सहकारी संस्थेकडे.

ठेका सोपा, हे मान्य. एक निविदा, एक बिल, गाडी आली नाही तर दंड कोणाला करायचा तेही ठरलेलं. वस्ती लांब-लांब विखुरलेली असेल तर गाडीच बरी.

खटकतं ते एकच: पैसे बहुधा टनावर मिळतात. वजनकाट्याला माती काय नि पुठ्ठा काय, सारखेच. पावसात भिजलेला कचरा तर आणखी भरतो. वर्गीकरण केलं की ठेकेदाराची मजुरी वाढते आणि वजन घटतं. मग घरात वेगळा ठेवलेला ओला-सुका गाडीत एकत्र होतो, यात नवल ते काय?

वेचकांचं गणित उलटं. पुठ्ठा कोरडा राहिला तरच भंगारवाला नीट भाव देतो, म्हणून दोन डब्यांचा आग्रह तेच धरतात. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 पासून आहे. तिच्यातूनच उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' संस्थेने 2008 मध्ये महापालिकेशी करार केला. घरटी शुल्क वेचकाला, भंगाराचे पैसेही त्यालाच.

इथेही अडतं. शुल्क द्यायला काही घरं टाळाटाळ करतात. वस्त्यांमधली शुल्काची तूट पालिकेने भरायची, हे करारातच लिहावं. शेड नसेल तर वर्गीकरण फुटपाथवर होतं आणि तक्रारी सुरू होतात. दोघांच्या जोडीला साधारण 250 ते 300 घरं, एक ढकलगाडी, शेडमध्ये पाणी नि शौचालय, दहा जणांमागे एक बदली माणूस, एवढं तरी हवंच. वेफर्सची पाकिटं सहसा कोणी विकत घेत नाही. ती उचलणं पालिकेकडे ठेवावं. करार पाच वर्षांचा असावा. दरवर्षीच्या नूतनीकरणात फाइल अडकली की हातमोजे आणि गाड्यांची दुरुस्ती आधी थांबते.

ठेकाच द्यायचा झाला तर दर टनावर नको, घरटी ठेवा, आणि मिसळलेल्या फेरीचे पैसे कापा. वेचकांना कामावर घ्यायची अटही घाला. त्यांची यादी मात्र ठेकेदाराकडून मागवू नका; दुपारी भंगाराच्या दुकानांपाशी उभं राहून करा.