शाहू स्टेडियम, कोल्हापूर: पेठांचा फुटबॉल बघायचा तर इथंच
पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना असला की मी ३ वाजताच पायरी धरतो. बसायला पेपर न्या, पायरी तापलेली असते. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल या साऱ्या पेठांतल्या तालमी. लाल मातीत कुस्ती घुमवणाऱ्या तालमींनी संस्थानकाळातच फुटबॉल आपलासा केला आणि पेठेपेठेची ईर्षा आखाड्यातून मैदानात उतरली. असलं वातावरण दुसरीकडं कुठंच बघितलं नाही. २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. परवा माझ्या शेजारी एक आजोबा, काठी मांडीवर आडवी. गोल झाला तसे ताडकन उठले, “मारलं की रं पोरानं!” काठी दोन पायऱ्या खाली गेली, तरी भान नव्हतं.