जागा मोफत, बाकीचं तुमचं: गुजरातच्या आरटीई प्रवेशसेवेचं परीक्षण

बडोद्याच्या वाडी भागातल्या रिक्षावाल्याचं मूल आणि श्रीमंत अलकापुरीतल्या डॉक्टरचं मूल एकाच बाकावर बसावं, यासाठी आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, कलम १२ आहे. विनाअनुदानित खाजगी शाळांनी प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या, आठवीपर्यंत फी नाही. बडोद्याला ही कल्पना नवी नाही. सयाजीरावांनी सक्तीचं मोफत शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केलं आणि १९०६ मध्ये संस्थानभर नेलं.

सेवेची सर्वात चांगली बाजू म्हणजे अर्ज फुकट आहे आणि घरबसल्या भरता येतो. जागावाटप संगणक करतो, त्यामुळे मुलाखत, डोनेशन, ओळखपाळख काही चालत नाही. एवढ्यासाठीच पाचपैकी साडेतीन गुण द्यावेत. उरलेला दीड गुण कागदपत्रांत आणि प्रवेशानंतरच्या खर्चात जातो.

अर्ज नामंजूर होतात ते बहुतेक वेळा कागदांमुळे. १ जूनला मुलाला सहा वर्षं पूर्ण हवीत. जन्मदाखल्यात ‘गणेश’ आणि आधारवर ‘गणेशभाई’ असेल तर ते आधी जुळवून घ्या. ऐन मुदतीत आधार दुरुस्त होत नाही. उत्पन्नाचा दाखला मामलतदार कचेरीच्या जनसेवा केंद्रातून काढावा लागतो. मार्च २०२५ मध्ये वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ६ लाखांवर नेली; शहरात ती आधी दीड लाख होती. साहजिकच रांग लांबली, म्हणून दाखला फॉर्म सुटण्याआधीच हातात असू द्या.

खरी अडचण भाड्याच्या घरांची. नोटरीचा भाडेकरार चालत नाही, नोंदणीकृत लागतो, आणि एका खोलीसाठी रजिस्ट्रारकडे यायला घरमालक सहसा तयार नसतो. म्हणजे ज्याच्याकडे स्वतःचं घर नाही, त्यालाच पुरावा सर्वात अवघड. नियम फसवणूक रोखायला आहे हे मान्य, पण त्याचा भार नेमका गरिबावर पडतो. आधारवर सध्याचा पत्ता असेल तर हे टळतं.

मूळ कागद स्कॅन करा; मोबाइलवर काढलेला तिरका फोटो किंवा झेरॉक्सची झेरॉक्स वाचता येत नाही. नकाशावर घराची खूण स्वतः ठेवा. सायबरवाला घाईत स्वतःच्या दुकानावर ठेवतो, शाळेचं अंतर बदलतं आणि जागा हुकते. शाळांचा क्रम ठरवताना नावाला भुलू नका, रोज पोचता येईल अशी शाळा वर ठेवा. जागा लागल्यावर दिलेल्या तारखेच्या आत शाळेत जाऊन प्रवेश पक्का केला नाही तर ती रद्द होते.

पुढे खर्च सुरू होतो. पुस्तकं, गणवेश आणि येण्याजाण्यासाठी सरकार वर्षाला ३,००० रुपये पालकांच्या खात्यात देतं. इंग्रजी माध्यमाचा पुस्तकसंच आणि दोन गणवेश घेतले की व्हॅनच्या भाड्याला फारसं काही उरत नाही. त्याहून मोठी दरी घरच्या अभ्यासात असते. सूचना इंग्रजीत व्हॉट्सॲपवर येतात, प्रोजेक्टसाठी रंगीत प्रिंट लागतात, आणि आई-वडील शिकलेले असतील हे शाळा गृहीत धरते. वर्गातली बाकी मुलं तीन वर्षं केजी करून, गोष्टींची पुस्तकं चाळून आलेली असतात. हे मूल बऱ्याचदा अंगणवाडीतून थेट. पहिल्या दोन वर्षांत वाचन पक्कं झालं नाही तर चौथी-पाचवीत ते गप्प बसायला लागतं, आणि शिक्षक त्याला ‘आरटीईवाला’ म्हणून बाजूला टाकतात. शाळेने संध्याकाळी तासभर वाचनवर्ग घेतला तर बरंच सावरतं. शाळा निवडण्यापूर्वी तिथल्या आरटीई पालकांना नेमकं हेच विचारा.

आणि नववीची फी आजच विचारून ठेवा. आठवीनंतर सवलत संपते, त्याच शाळेत राहायचं तर पूर्ण रक्कम भरावी लागते. फी रेग्युलेटरी कमिटीने, म्हणजे खाजगी शाळांची फी ठरवणाऱ्या सरकारी समितीने, त्या शाळेला मंजूर केलेला नववी-दहावीचा आकडा बघा आणि तो झेपणारा नसेल तर जवळची अनुदानित शाळा आत्तापासूनच डोळ्यासमोर ठेवा.