‘पहिल्या नंबरवर आणतो’ म्हणणाऱ्याला मी १८,२४९ रुपये दिले

मी कोथरूडला घरी कुत्री सांभाळते. मालक गावाला गेले की कुत्रं माझ्याकडे. गिऱ्हाइकं बहुतेक एका ॲपवरून येतात, आणि दिवाळीच्या तोंडावर तिथे वर दिसला नाहीत तर सीझन गेलाच. हे त्या भामट्यालाही पक्कं ठाऊक असणार. फोन बरोबर नवरात्रात आला.

“मॅडम, तुम्ही तिसऱ्या पानावर आहात. तिसरं पान कोण बघतं?”

होतेच मी तिसऱ्या पानावर. म्हणून तर विश्वास बसला. लॉटरी लागली म्हणणाऱ्याला मी फोनवरच झाडलं असतं.

पॅकेज ४,९९९ चं, वर १८ टक्के जीएसटी, मिळून ५,८९९. बिल आलं, शिक्क्यासकट. त्यावरचा जीएसटी क्रमांक परवा मोजला तर १४ अक्षरं! असतात १५, आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, फुकट आहे. पैसे टाकताना यूपीआयवर कंपनीऐवजी भलत्याच माणसाचं नाव दिसलं. “आमचे अकाउंटंट.” मग ‘परत मिळणारं डिपॉझिट’ ३,५००. मग ‘दिवाळी फास्ट ट्रॅक’ ८,८५०. मला एका कुत्र्यामागे रात्रीचे ६०० मिळतात. म्हणजे तीस रात्रींची कमाई गेली, भुंकणं आणि गाद्या धुणं धरून.

आणि कळायला हवं होतं ते इथे. तो म्हणाला, “४११०३८ टाकून शोधा.” शोधलं, तर मी पहिली! आनंदाने स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला. अहो, तो पिनकोड माझाच! ॲप जवळचे लोक आधी दाखवतं, आणि माझ्या घरापासून माझ्याइतकं जवळ दुसरं कोण असणार? कर्वेनगरच्या नणंदेने तिच्या फोनवर बघितलं तर मी होते तिथेच, तिसऱ्या पानावर. पण तोवर तिन्ही रकमा गेल्या होत्या. आपला नंबर बघायचा तर दुसऱ्याच्या फोनवरून, दुसऱ्या भागाचा पिनकोड टाकून बघा.

पुढे रातोरात पाच-पाच ताऱ्यांचे अभिप्राय पडायला लागले. एकात लिहिलेलं, ‘माझ्या मांजरीची फार छान काळजी घेतली.’ मी मांजरी घेतच नाही, प्रोफाइलवर तसं ठळक लिहिलंय. विचारलं तर म्हणे, “सगळेच करतात मॅडम.” पासवर्ड त्याच्याकडे होता. दिला, कारण प्रोफाइल दुरुस्त करणाऱ्याला आत शिरावं लागणारच ना? जाहिरातवालेही मागतात. पण पासवर्ड कुणालाच देऊ नका. जाहिरातवाल्यालाही नाही.

ऐन वसुबारसेला ॲपने खोट्या अभिप्रायांसाठी माझं प्रोफाइल बंद केलं. वर्षानुवर्षं मिळवलेले खरे अभिप्रायही त्यातच गेले. मी लिहिते, उत्तर मशीनचं येतं: ‘आपली अडचण आम्ही समजू शकतो.’ काय समजता, डोंबल? बँकेत गेले, तर तिथला साहेब म्हणाला, पिन तुम्हीच टाकलात, यात फसवणूक कुठे? चौकीत हवालदार म्हणाले हा पैशाच्या देण्याघेण्याचा मामला, दिवाणी कोर्टात जा. शेजारच्या टेबलावरचे म्हणाले ऑनलाइन आहे, सायबरकडे जा. सायबरकडे विचारलं, “कुत्री सांभाळायचेही पैसे मिळतात का?” आणि सगळे हसले. खोटं बिल, खोटा जीएसटी क्रमांक, दुसऱ्याच्या नावाचं खातं, हा दिवाणी मामला? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर शून्य क्रमांकाचा एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुणाचीही असो, गुन्हा तिथेच नोंदवून घ्यायचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १७३ मध्ये आहे. मला हे घरी येऊन वाचल्यावर कळलं.

पैसे गेल्या-गेल्या १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तरच हाती लागतात, आणि मी तर वसुबारस उजाडेपर्यंत “उद्या दिसेल मॅडम” ऐकत बसले. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे लेखी तक्रार जाते. मी केली आहे.

अशा ॲपवर वर यायचं तर चौकशीला पटकन उत्तर द्या, कॅलेंडर रोजचं रोज भरा, घेतलेलं बुकिंग मोडू नका. जुनी गिऱ्हाइकं परत आली की नाव आपसूक वर जातं. याला पॅकेज लागत नाही.

त्याची यूपीआय आयडी मी तक्रारीत दिली आहे. काल टाकून बघितली. अजून चालू आहे.